मटणाच्या तोडीचं, उरल्या ओलीवरचं

कशेळीत कोरड्या हवामानाचा विषय काढला की समोरचा माणूस खाडीकडे बोट दाखवतो. त्याचं चुकत नाही. भिवंडी तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उल्हासची खाडी गावाला खेटून आहे आणि जुलैत खाचरांतून पाणीच पाणी असतं. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. दसरा-दिवाळी उलटली की पुढचे आठ महिने आभाळाकडून काही मिळत नाही आणि खाडीचं खारं पाणी पिकाला चालत नाही. शेतीच्या हिशेबाने कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूर हा पट्टा वर्षातले आठ महिने कोरडवाहूच आहे. माण-खटावात वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस होतो. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे कोडं सोडवत आला, तेच दिवाळीनंतर आपल्यासमोरही असतं: पाणी न देता अंगाला लागेल असं काय पिकवायचं आणि काय खायचं.

मटण, कोंबडी, मासळी कमी करायची तर कारणं घरागणिक वेगळी आहेत. कोणाला परवडत नाही, कोणाला डॉक्टरांनी सांगितलंय, कोणाला पाण्याची आणि बदलत्या हवामानाची काळजी वाटते. खाडीच्या मासळीवर वाढलेल्या घरांना तर फारसा पर्याय उरलेला नाही. उल्हास नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. निवटी, कोळंबी, चिंबोरी पूर्वीसारखी मिळते का, हे खाडीकाठच्या कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा. या सगळ्या वाचकांना मला एकच गोष्ट सांगायची आहे. मांसाच्या जागी काय, याचं उत्तर मॉलमधल्या पाकिटात शोधू नका. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपल्या खाचरात जे येतं आणि घाटावर उघड्या माळावर जे येतं, ती कडधान्यं मांसाच्या जागी बसवा. मात्र ती तोंडी लावण्यापुरती नकोत, मटण ज्या मापाने आणि ज्या मानाने वाढता, तशी वाढा.

हळदीचं मटण किंवा गटारीची कोंबडी बंद करा, असं मी म्हणत नाही. कोणाच्या ताटावर बोट ठेवण्याचा हा लेख नाही. मी आठवड्यातल्या इतर दिवसांबद्दल बोलतो आहे. श्रावणात आपली अनेक घरं महिनाभर मांसाशिवाय राहतातच आणि कोणी अशक्त होत नाही.

पाण्याचा हिशेब

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचे मेकोनेन आणि हुक्स्त्रा या संशोधकांनी अन्नामागे खर्च होणाऱ्या पाण्याची जागतिक सरासरी काढली आहे. किलोमागचे आकडे बाजूला ठेवून प्रथिनामागचे पाहा. एक ग्रॅम प्रथिन तयार व्हायला कडधान्याला १९ लिटर पाणी लागतं, अंड्याला २९, दुधाला ३१, कोंबडीला ३४, शेळी-मेंढीच्या मांसाला ६३ आणि गुरांच्या मांसाला ११२. आपल्या वालाला यातलं बहुतेक पाणी वेगळं द्यावंच लागत नाही. भातासाठी पडलेल्या पावसाची जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर ते पीक उभं राहतं.

कोंबडीचं पाणी मात्र आपल्याला दिसत नाही, कारण ते दुसऱ्याच्या शिवारातून येतं. ब्रॉयलर कोंबडी मका आणि सोयापेंडीवर वाढते. जिवंत वजनाच्या एका किलोसाठी पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागतं. सोयाबीनची राज्यातली मोठी बाजारपेठ म्हणजे लातूर. त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. कशेळीच्या नाक्यावर कोंबडी घेताना हे आठवणीत असावं असं मला वाटतं.

शेळीचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. शेळीच्या खात्यावर लिहिलेलं पाणी हे बरंचसं तिच्या चराऊ रानावर पडलेल्या पावसाचं असतं. उस्मानाबादी शेळी बाभळीचा पाला, बोरीच्या काटक्या, माळावरचं कुसळ खाऊन वाढते. त्या माळावर वालही येत नाही आणि तूरही येत नाही. दुष्काळी भागात शेळी हे गरिबाचं बँकेतलं खातं आहे. तेव्हा महिन्यातून एकदोनदा मटण खाणार असाल तर खुशाल खा, फक्त माळावर चरलेल्या बोकडाचं बघून घ्या. रोजच्या प्रथिनाचा भार मात्र शेळीवर टाकता येणार नाही. तेवढी कुरणं महाराष्ट्रात उरलेली नाहीत.

माप कुठे चुकतं

‘आम्ही रोज डाळ खातो, मग अशक्तपणा का?’ हा प्रश्न फार ऐकू येतो. उत्तर पातेल्यात आहे. पाच माणसांच्या घरात एक वाटी, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम तूरडाळ शिजते, तिचं पातळ वरण होतं आणि ते भातावर पसरतं. माणशी वीस-पंचवीस ग्रॅम कोरडी डाळ पोटात जाते आणि तीतून प्रथिन मिळतं जेमतेम पाच ग्रॅम. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ३० ग्रॅम डाळ-कडधान्य धरलेलं असतं. म्हणजे चौथीतल्या मुलाला शासन दुपारच्या एका जेवणात जेवढी डाळ मोजून देतं, तेवढ्यावर आपण गोदामात ओझी उचलणाऱ्या माणसाची बोळवण करतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोभर वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं. ५५ किलो वजनाच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला याहून जास्त लागतं.

आता मटणाशी तुलना करू. वाल, मटकी, मूग, मसूर, हुलगा, चवळी यांपैकी काहीही शंभर ग्रॅम कोरडं घेतलं की त्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिन असतं. मटण हाडासकट घेतलं तर शंभर ग्रॅमला पंधराच्या आसपास हाती लागतं. कडधान्यातलं प्रथिन मांसाइतकं पूर्ण पचत नाही, पाचवा हिस्सा तरी वाया जातो असं धरून चाला. तो वजा केला तरी दोन्ही पारडी जवळपास सारखी येतात. म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा: मटणाच्या वजनाइतकं कोरडं कडधान्य. पाव किलो मटण जिथे शिजत होतं, तिथे पाव किलो कोरडे वाल भिजत घाला. सुरुवातीला ते फार वाटतील, पण चौघांच्या घरात दोन वेळच्या जेवणात सहज संपतात.

पैशाचा हिशेबही असाच करा. कडधान्याचा किलोचा भाव २२० ने भागा, मटणाचा १५० ने, म्हणजे एक ग्रॅम प्रथिन कितीला पडलं ते कळेल. समजा वाल २२० रुपये आणि मटण ७५० रुपये किलो असेल, तर वालातलं प्रथिन ग्रॅमला एक रुपया आणि मटणातलं पाच रुपये. तुमच्या बाजारातले आजचे भाव घालून पाहा. अंडं या हिशेबात कडधान्याच्या बरंच जवळ येतं, कारण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असतं. ज्यांना अंडं चालतं त्यांनी ते मुळीच सोडू नये.

वालाचं बिरडं, सविस्तर

कडवे वाल हे ठाणे-रायगडच्या मातीतलं पीक. बाजारात नवे वाल फेब्रुवारी-मार्चपासून दिसू लागतात. मुरबाड-शहापूरकडच्या आठवडी बाजारात किंवा पेण-अलिबागला गेलात तर शेतकऱ्याकडून थेट घ्या. दाणा लहान, फुगीर आणि तांबूस असावा. मोठा, चपटा, पांढरट दाणा दिसायला छान पण चवीला फिका. मूठभर दाणे हातात घेऊन भोकं आहेत का ते बघा, डंक लागलेले वाल घरात आणले तर शेजारच्या डब्यातली मटकीही जाते. चार माणसांचं घर आठवड्यातून दोनदा वाल खाणार असेल तर वर्षाला वीसेक किलो पुरतात. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन कडक उन्हं दाखवा, पूर्ण गार झाल्यावर एरंडेल तेलाचा हात फिरवा किंवा चाळलेली राख मिसळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम वाल डब्यात घातले तर आत वाफ धरते आणि पावसाळ्यात बुरशी येते.

करायची रीत अनेकांना माहीत आहे, तरी नव्या सुनांसाठी आणि एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी लिहितो. सकाळी वाल भरपूर पाण्यात भिजत घाला. रात्री ते पाणी ओतून टाका, त्यात कडवटपणा आणि पोटाला बाधणारी द्रव्यं उतरलेली असतात. धुऊन सुती फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच मोड दिसतात, थंडीत दुपार उजाडते. मग कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं सोडा. दाणा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून मोडाच्या विरुद्ध बाजूने दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी पुढे सटकते. मोड मोडू देऊ नका. सालं काढल्यावर वजन थोडं कमी होतं, म्हणून सुरुवातीलाच मूठभर जास्त घ्या.

फोडणीत मोहरी, हिंग, हळद, आवडत असेल तर ओवा. कांदा परतून डाळिंब्या घाला, त्या बुडतील एवढं गरम पाणी ओता आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्या. कुकरला लावू नका, पिठलं होईल. डाव घालून ढवळू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. शिजत आल्यावर आमसूल, गुळाचा खडा, मीठ, ओलं खोबरं, कोथिंबीर. आमसूल आधी घातलं तर दाणा कडक राहतो. आगरी घरांत वालात वांगं-बटाटा घालतात आणि वरून मूठभर सुकट किंवा जवळा पडतो. ही सवय मला फार शहाणपणाची वाटते. मूठभर सुक्या मासळीने अख्ख्या पातेल्याला चव येते आणि पोट वालाने भरतं. मांसाहार एकदम सोडवत नाही अशांनी इथूनच सुरुवात करावी. रायगडातल्या पोपटीच्या मडक्यातही कोंबडी कमी करून अंडी आणि शेंगा वाढवता येतात.

सोलायचं काम वेळखाऊ आहे आणि ते एकट्या बाईच्या अंगावर पडतं म्हणून कित्येक घरांतून वाल हद्दपार झाले. टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांच्या पुढ्यात परात ठेवा, अर्ध्या तासात काम होतं. दादर-ठाण्याच्या बाजारात सोललेले मोडाचे वाल विकत मिळतात. कशेळी-काल्हेरच्या नव्या टॉवरांमध्ये हजारो नोकरदार घरं आली आहेत. गावातल्या बचत गटांनी सोललेल्या वालाची घरपोच सोय केली तर गिऱ्हाईक दारातच आहे.

माळावरची मंडळी: मटकी, हुलगा

कमी पाण्यात तग धरण्याच्या बाबतीत मटकीचा हात धरणारं पीक नाही. वेल जमिनीलगत पसरून माती झाकून टाकते, त्यामुळे खालची ओल उन्हाने उडत नाही. हुलगा, आपल्या कोकणातला कुळीथ, हलक्या मुरमाड जमिनीत एखाद-दुसऱ्या पावसावर येतो. दोन्ही पिकं हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठवतात आणि पुढच्या पिकाला खत ठेवून जातात.

मटकीसाठी वेगळी रीत सांगायला नको, मिसळ सर्वांना येते. फक्त घरी मिसळ करताना वाटीत मटकी दुप्पट आणि फरसाण निम्मं करा. नुसती तर्री खाऊन प्रथिन मिळत नाही.

हुलग्याकडे मात्र लोकांनी उगाच पाठ फिरवली आहे. त्याला घोड्याचं खाद्य म्हणून हिणवलं गेलं. त्यात प्रथिन २२ ग्रॅमच्या आसपास आहे आणि कॅल्शियमही भरपूर आहे. पाळीवरून रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसाला कुळथाच्या पिठीइतकं सोयीचं दुसरं जेवण नाही. कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून दळून आणा, पीठ महिना-दोन महिने टिकतं. लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी आणि आमसूल घालून उकळी आणा, थंड पाण्यात कालवलेलं पीठ त्यात सोडा आणि गुठळी होऊ न देता हलवत राहा. दहा मिनिटांत भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर खायला तयार. माणशी तीन मोठे चमचे पीठ धरा. घाटावरचं माडगं आणि शेंगोळी याच पिठाची. भिवंडीत सोलापूरकडची बरीच कुटुंबं आहेत. एखाद्या मावशींना विचारा, शेंगोळी वळायला त्या एका संध्याकाळी शिकवतील.

वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एकत्र राहतात, हा भिवंडीचा फार मोठा फायदा आहे. उत्तर प्रदेश-बिहारमधून लूमवर आलेले कामगार उन्हाळ्यात सत्तू पितात. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, कांदा, लिंबू. चूल लागत नाही. पन्नास ग्रॅम सत्तूत किंवा तितक्याच फुटाण्यांत दहा-अकरा ग्रॅम प्रथिन मिळतं. दुपारी वडापावावर दिवस काढणाऱ्या गोदामातल्या मुलांनी खिशात फुटाणे-दाणे ठेवले आणि घरून सत्तूची बाटली नेली तर संध्याकाळचा थकवा निम्मा होईल. कामगारांच्या भिसी, म्हणजे खाणावळी, चालवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की आठवड्यातले दोन दिवस तरी पातळ डाळीऐवजी घट्ट उसळ वाढा. मटणाच्या दिवसापेक्षा ती स्वस्तच पडते.

सोयाबीनबद्दल थोडक्यात. सोयाच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, मटणाच्या रश्श्यात त्या चांगल्या मुरतात आणि कोंबडीला पेंड चारून मग कोंबडी खाण्यापेक्षा ते सरळ आपण खाल्लेलं बरं. वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून दोनदा पिळल्या की वास जातो. घरी अख्खं सोयाबीन वापरायचं तर नीट भाजून मगच दळा आणि दहा वाट्या पिठाला एक वाटी मिसळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेनेच जातात. माझी स्वतःची पसंती वाल-हुलग्याला आहे, सोयाला आठवड्यातून एक दिवस पुरे.

ताट कसं जुळवायचं

कडधान्य एकट्याने अपुरं असतं. त्यात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मेथिओनिन कमी. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणीत नेमकं उलट. दोन्ही ताटात आली की उणीव भरून निघते. तीन भाग धान्य, एक भाग डाळ-कडधान्य आणि अडीच भाग दूध हे प्रमाण आयुर्विज्ञान परिषदेनेच सुचवलं आहे. वाल आणि तांदळाची भाकरी, मटकी आणि बाजरीची भाकरी, पिठलं आणि ज्वारी या जोड्या आपल्याकडे आधीपासूनच जमलेल्या आहेत.

एका बाईचा दिवस मांडून दाखवतो. शंभर ग्रॅम तांदूळ, सात ग्रॅम प्रथिन. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ज्वारी किंवा बाजरीचं पीठ, बारा. पन्नास ग्रॅम कोरड्या वालाचं बिरडं, अकरा. रात्री वीस ग्रॅम कुळथाची पिठी, चार. मूठभर, म्हणजे पंचवीस ग्रॅम शेंगदाणे, सहा. एक मोठी वाटी दही किंवा कपभर दूध, सहा. झाले ४६. यात ना मांस, ना महागडी पावडर. शेवग्याचा पाला, हादग्याची पानं, तीळ-कारळ्याची चटणी अधूनमधून घाला, लोह आणि कॅल्शियमची बाजूही सांभाळली जाते. जेवताना लिंबू पिळा, कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं.

पोटात वायू होतो ही तक्रार खरी आहे. आजवर चमचाभर डाळ खाणाऱ्याने उद्यापासून वाटीभर वाल खाल्ले तर होणारच. पहिल्या आठवड्यात मूग आणि मटकीपासून सुरुवात करा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, हिंग-ओवा वापरा. तीन-चार आठवड्यांत आतड्याला सवय होते.

काही गोष्टींत मात्र सांभाळून. ब १२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. मांस, मासळी, अंडी, दूध सगळंच सोडणार असाल तर डॉक्टरांना विचारून ब १२ ची गोळी सुरू करा. हातापायाला मुंग्या येईपर्यंत थांबू नका. मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक अॅसिडचा त्रास असेल तर कडधान्य वाढवण्याआधी तपासणी हवी. वाल कच्चे किंवा अर्धे शिजलेले खाऊ नका. मोडाची कोशिंबीर म्हणून तर मुळीच नको, कच्च्या वालात विषारी घटक असतात आणि ते भिजवून, पाणी टाकून, पूर्ण शिजवल्यावरच जातात.

आणखी एक इशारा लाखेच्या डाळीबद्दल, म्हणजे लाखोळीबद्दल. पूर्व विदर्भात लाखोळी भाताच्या उरल्या ओलीवरच येते, पाणी मागत नाही, प्रथिनही भरपूर देते. पण तिच्यातल्या ओडॅप या द्रव्यामुळे, महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. दुष्काळात दुसरं काही नसल्याने अनेकांवर ही वेळ आली. १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी आणली. तूरडाळीत आणि बेसनात तिची भेसळ होत आली आहे, तेव्हा संशय यावा इतकं स्वस्त सुटं बेसन घेऊ नका. अख्खा हरभरा घेऊन दळून आणणं उत्तम.

ज्यांच्याकडे अजून खाचर आहे

गोदामांखाली आणि इमारतींखाली किती जमीन गेली हे सांगायला नको. पण ज्यांची खाचरं शिल्लक आहेत ते भात झोडून झालं की जमीन मे महिन्यापर्यंत पडीक ठेवतात, आणि तिथे वाल येऊ शकतो. गरव्या भातानंतर जमीन मोकळी होईतो ओल उडून जाते. वाल घ्यायचा ठरवला असेल तर त्या खाचरात हळवं किंवा निमगरवं भात लावा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच वाफसा साधता येतो. एक नांगरट, लगेच पेरणी आणि लगेच फळी मारून माती दाबणं. या तिन्हींत दिवस जाऊ दिले तर उगवण अर्ध्यावर येते. ओळीत साधारण फुटाचं अंतर ठेवा. पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळा. खाडीलगतच्या खारट जमिनीत हा खटाटोप करू नका, वालाला खार सोसत नाही. ढगाळ हवा पडली की मावा येतो, तेव्हा रोज सकाळी शेंडे उलटून बघा, वेळीच निंबोळी अर्क फवारला तर आवरतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वालाचे सुधारित वाण दिले आहेत, तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. तरी घरचं बियाणं असेल तर ते आधी राखा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण घरात जपले आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री मिळाली. मूठभर बियाणं राखेत ठेवायला पदवी लागत नाही, हे त्यांनी देशाला दाखवलं.

वाल मागे पडण्याचं सर्वांत मोठं कारण पाऊस किंवा कीड नाही, मोकाट गुरं आहेत. भात निघालं की गुरं सुटतात आणि एकट्याचा हिरवा तुकडा एका रात्रीत साफ होतो. एकट्याने पेरलात तर राखण करून जीव जाईल. शेजारच्या पाच-सहा खाचरांनी मिळून पेरलं, कुंपणाचा आणि राखणीचा खर्च वाटून घेतला, तरच हे पीक टिकतं. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनी गॅलरीतल्या कुंडीतून प्रथिनाची अपेक्षा ठेवू नये. कुंडीत फार तर चार शेंगा येतील. सोसायटीच्या आवारात दोन शेवग्याची झाडं लावा आणि वाल-हुलगा शेतकऱ्याकडून थेट घ्या.

म्हणून गिऱ्हाईकांना सांगणं आहे की फेब्रुवारीची वाट बघू नका. या दसऱ्याच्या आतच ओळखीच्या शेतकऱ्याला गाठा, वर्षाचे वीस किलो वाल आम्ही घेणार असं सांगा आणि जमलं तर थोडी रक्कम आगाऊ द्या. माल कोण घेणार हे पेरणीआधी ठाऊक असेल, तरच तो खाचर नांगरेल आणि गुरांपासून राखेल.